देवदत्त : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

बाळाच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरविण्यासाठी आलेले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात : “फादर, बाळाला मराठी नाव ठेवले तर चालेल का?” भिंगार व नगर परिसरातील ख्रिस्ती घरांत हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही येथे ‘देवदत्त’ या एकाच नावाचा विचार करणार आहोत. या नावाचे नगरशी जवळचे नाते आहे.

‘देवदत्त’ म्हणजे देवाने दिलेला. ‘दा’ म्हणजे देणे या संस्कृत धातूपासून ‘दत्त’ हा शब्द झाला. ‘दत्तक’ व ‘दत्तात्रेय’ या शब्दांतही तोच आहे. लॅटिन भाषेतील ‘देओदातुस’ या नावाचा अर्थ अगदी हाच. एवढेच नव्हे, तर ‘देव’ व ‘देउस’, तसेच ‘दत्त’ व ‘दातुस’ हे शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. ग्रीक ‘थिओडोर’, हिब्रू ‘नथनेल’ व ‘योनाथान’ या नावांतही देवाच्या देणगीचाच भाव आहे. शुभवर्तमानकार मत्तय यांच्या नावाचा अर्थही ‘परमेश्वराचे दान’ असाच आहे.

भारतीय परंपरेत हे नाव फार जुने आहे. महाभारतात अर्जुनाच्या शंखाचे नाव देवदत्त. योगशास्त्रात जांभई आणणाऱ्या उपप्राणालाही देवदत्त म्हणतात. व्याकरण व तर्कशास्त्राचे पंडित उदाहरणासाठी कोणाचे तरी नाव हवे असले की देवदत्ताचेच घेत. दिवसा न जेवताही लठ्ठ असलेला देवदत्त रात्री जेवत असला पाहिजे, हे अनुमान विद्यार्थी पिढ्यानपिढ्या शिकत आले. बौद्ध परंपरेत मात्र देवदत्त हा भगवान बुद्धांचा विरोध करणारा चुलतभाऊ होय. तेवढ्यावरून नाव त्याज्य ठरत नाही. आपल्याकडेही प्रभूचा विश्वासघात करणारा यहूदा आणि प्रेषित संत यहूदा यांचे नाव एकच आहे.

महाराष्ट्रातील सुशिक्षित घराण्यांत हे नाव विसाव्या शतकात चांगलेच परिचित होते. पुरातत्त्वज्ञ देवदत्त रामकृष्ण भांडारकर (१८७५-१९५०) हे त्याचे ठळक उदाहरण.

ख्रिस्ती वाचकांना मात्र प्रथम आठवतात ते देवदत्त नारायण टिळक. त्यांचे वडील, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि त्यांच्या सेवाकार्याचा मोठा काळ अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, गेला. देवदत्त यांचा जन्म वडिलांच्या धर्मांतरापूर्वीचा. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ते ‘दत्तू’ म्हणून आपल्याला भेटतात. विशेष हे, की नारायण, लक्ष्मी आणि देवदत्त ही तिन्ही नावे बाप्तिस्म्यानंतरही तशीच राहिली. त्यांच्या श्रद्धेला नावाची अडचण झाली नाही.

कॅथोलिक परंपरेत तर या नावाला संतांचाही आधार आहे. संत ऑगस्टीन यांच्या मुलाचे नाव ‘आदेओदातुस’, म्हणजे देवाने दिलेला. पितापुत्रांनी ३८७ साली मिलान येथे पास्काच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हस्ते एकत्र बाप्तिस्मा घेतला. सातव्या शतकातील पोप संत देउसदेदित (६१५-६१८) यांनाही आदेओदातुस म्हणत. त्यांचा सण ८ नोव्हेंबर रोजी येतो. गोव्यात हेच नाव पोर्तुगीज रूपात रुजले. कवी आदेओदातु बारेतु (१९०५-१९३७) यांचे नाव त्याची साक्ष देते.

ख्रिस्ती नाव आपल्या भाषेत आणण्याची वाटही नवी नाही. दक्षिणेतील नीलकंठ पिल्लै यांना १७४५ साली बाप्तिस्म्यात ‘लाजर’ या नावाचे तमिळ रूप मिळाले : देवसहायम्, म्हणजे देव ज्याचे साहाय्य आहे तो. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच नावाने त्यांना संत घोषित केले.

चर्चचा नियम काय सांगतो? १९१७ च्या धर्मविधानानुसार पालकांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूंनी त्यास एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत असे होते. १९८३ च्या धर्मविधानाचे कलम ८५५ एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. देवदत्त हे नाव विसंगत तर नाहीच, उलट मूल ही आपली मिळकत नसून देवाची देणगी आहे, हे ते रोज सांगते.

पालकांना आमची एकच विनंती आहे. जे नाव निवडाल तेच बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, जन्मदाखल्यात आणि शाळेत सारखे लिहा. चर्चमध्ये एक आणि शाळेत दुसरे नाव असले, की विवाहाच्या वेळी कागदपत्रांचा घोळ होतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे, श्रद्धा रविवारची आणि जीवन इतर दिवसांचे, अशी फाळणी मुलाच्या मनात लहानपणीच होते. मत्तय म्हणा वा देवदत्त म्हणा, बाळाला एकच नाव द्या आणि त्याचा अर्थ त्याला समजावून सांगा.