ऑइल बदललं, पण गाळणी साफ केली का? जुन्या बाईकच्या इंजिनातला दुर्लक्षित फिल्टर

वर्धा जिल्ह्यात एमएच ३२ पासिंगच्या जुन्या १०० सीसी बाईक आजही रोज कामावर जातात. कुणी देवळीहून दुधाच्या कॅन बांधून वर्ध्याला येतं, कुणी हिंगणघाटच्या बाजारात जातं, कुणाची गाडी शेताच्या पांदण रस्त्यावरच जास्त फिरते. यातले बरेच जण ऑइल वेळेवर बदलतात. तरी एक दिवस इंजिनाच्या हेडमधून ‘टकटक’ आवाज सुरू होतो, गाडी तापते आणि मिस्त्री सांगतो, “भाऊ, इंजिन उघडावं लागेल.”

ऑइल वेळेवर बदलूनही असं का होतं? कारणं अनेक असू शकतात, पण एक कारण नेहमी नजरेतून सुटतं. ऑइल बदललं जातं, ते गाळणारे भाग मात्र वर्षानुवर्षं साफच होत नाहीत.

“आमच्या गाडीला फिल्टरच नाही!”

हीरो होंडाची सीडी १०० ही बाईक १९८५ मध्ये आली आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. २०११ मध्ये कंपनीचं नाव हीरो मोटोकॉर्प झालं, पण टाकीवर ‘हीरो होंडा’ लिहिलेल्या गाड्या अजून धावतायत. या १०० सीसी इंजिनात कारसारखा बदलायचा कागदी फिल्टर नसतो. त्यामुळे अनेकांना वाटतं, फिल्टरच नाही. प्रत्यक्षात दोन आहेत.

पहिली म्हणजे जाळी, म्हणजेच स्ट्रेनर. ती इंजिनाच्या तळाशी असते. ऑइल पंपाकडे जाण्याआधी या जाळीतून जातं आणि गॅस्केटचे तुकडे, धातूचे मोठे कण तिथे अडकतात.

दुसरा सेंट्रिफ्युगल फिल्टर. क्रँकशाफ्टच्या उजव्या टोकाला बसवलेली ही एक गोल डबी. क्रँकसोबत ती मिनिटाला हजारो फेरे फिरते. दूध डेअरीत मलई काढायचं यंत्र पाहिलं असेल, तर हे लगेच समजेल. जोरात फिरवलं की जड भाग बाहेरच्या कडेला जातो आणि हलका मध्ये राहतो. इथे धातूचा बारीक चुरा आणि काजळी डबीच्या कडेला चिकटते, आणि त्यातल्या त्यात स्वच्छ ऑइल क्रँकच्या बेअरिंगकडे जातं.

ही डबी स्वस्त, टिकाऊ आणि कधीच बदलावी न लागणारी. पण कडेला साचलेला गाळ आपोआप बाहेर येत नाही. तो कुणीतरी हाताने काढावा लागतो.

मग साफ का होत नाही?

ऑइल बदलायला इंजिनाखालचा एक बोल्ट काढला की झालं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण जाळी आणि डबी दोन्ही उजव्या बाजूच्या मोठ्या कव्हरच्या आत असतात. तिथे पोचायला किक, फूटरेस्ट, क्लच केबल आणि काही मॉडेलमध्ये सायलेन्सरही काढावा लागतो. कव्हर उघडलं की त्याचं गॅस्केट नवीन टाकावं लागतं. वेळ जातो आणि मजुरी वाढते. म्हणून ग्राहक सांगत नाही आणि गॅरेजवालाही काढत नाही.

किती दिवसांनी करायचं?

या गाड्यांसाठी साधारण १२,००० किमीला दोन्ही फिल्टर साफ करावेत असं धरलं जातं. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा. सेलू किंवा देवळीहून रोज वर्ध्याला जाऊन-येऊन ३५-४० किमी होतातच. वर्षातले ३०० दिवस धरले, तर १२,००० किमी एका वर्षात पूर्ण. म्हणजे वर्षातून एकदा. पावसाळा संपल्यावरचा काळ यासाठी सोयीचा.

विदर्भात हे टाळणं जास्त महागात पडतं. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल तापून पातळ होतं. त्यात पांदणीची धूळ. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल, तर ती धूळ सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन रिंग घासते आणि शेवटी ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइल फिल्टरसोबत एअर फिल्टरही बघायलाच हवा.

या गाड्यांना ऑइल प्रेशरचा दिवा नसतो. जाळी तुंबून ऑइल कमी पोचायला लागलं, तरी डॅशबोर्ड काही सांगत नाही. इशारा येतो तो आवाजातून, आणि तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

साफ करताना काय पाहायचं?

१. इंजिन थोडं गरम करून जुनं ऑइल पूर्ण काढा. गरम ऑइलसोबत घाणही वाहून येते. हात भाजणार नाही एवढंच गरम ठेवा.

२. कव्हर काढल्यावर जाळी सरकवून बाहेर घ्या, रॉकेल किंवा डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. फाटली असेल तर बदला. जवळ विडी-सिगारेट किंवा आग नको.

३. डबीचं झाकण उघडून कडेचा गाळ पुसून काढा. इथे हवेचा प्रेशर मारू नका. घाण क्रँकच्या ऑइलच्या छिद्रात गेली, तर जिला अडवायचं तीच बेअरिंगमध्ये जाऊन बसेल.

४. धागे सुटणारी चिंधी किंवा कापसाचं वेस्ट वापरू नका. जिल्हा कापसाचा असला, तरी इंजिनात कापूस नको. सुटलेला धागा पुन्हा जाळीतच अडकतो.

५. कव्हरचं गॅस्केट आणि ड्रेन बोल्टचं वॉशर नवीन टाका. बोल्ट जोर लावून आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च वाढतो.

६. ऑइल भरल्यावर इंजिन काही मिनिटं रेस न करता चालू ठेवा, म्हणजे रिकामी डबी भरेल. मग बंद करून दोन-तीन मिनिटांनी गाडी मेन स्टँडवर ठेवून लेव्हल पाहा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत.

ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच घ्या. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असावं. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो.

ऑइल कधी लगेच बदलायचं?

ऑइल काळं झालं म्हणजे खराबच, असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण नाल्याच्या पुरातून गाडी घातल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. अशी गाडी चालवू नका. जाळीवर चमकणारे मोठे तुकडे सापडले, तर आत काहीतरी तुटतंय. नुसतं साफ करून भागणार नाही.

बाकीच्या जुन्या गाड्यांचं काय?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये फेल्टचा, म्हणजे नमद्यासारखा फिल्टर असतो. तो ठरावीक काळाने बदलतात. पल्सरसारख्या अनेक गाड्यांत छोटा फिल्टर मिळतो, तोही बदलायचा असतो. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक. त्यांचं इंजिन ऑइल पेट्रोलसोबत जळून जातं, त्यामुळे असा फिल्टरच नसतो. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र वेगळं असतं आणि तेही बदलावं लागतं.

काढलेलं ऑइल धुऱ्यावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. बंद डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये “ऑइल बदल” म्हणताना आणखी एक प्रश्न विचारा: “जाळी आणि डबी शेवटची कधी साफ केली होती?” उत्तर मिळालं नाही, तर यावेळी कव्हर उघडायला सांगा. गॅस्केट आणि मजुरीचा हा खर्च क्रँक-पिस्टनच्या खर्चापुढे फार छोटा आहे.