सॉफ्टवेअरला दर लागला तेव्हा

सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या प्रॉडक्ट मॅनेजर या पदाचा मूळपुरुष म्हणून बहुतेक वेळा नील मॅकेलरॉय यांचे नाव सांगितले जाते. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या या २६ वर्षांच्या तरुणाने १३ मे १९३१ रोजी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. कॅमेला घरच्याच आयव्हरी साबणाशी सामना करावा लागत होता. प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा, त्याने भागवार खप तपासावा, खप कमी तिथे दुकानदार आणि गिऱ्हाइकांशी बोलून कारण शोधावे, उपाय आखावा आणि परिणामाची जबाबदारीही घ्यावी, असे त्या टिपणाचे सार. त्याचे मोल मला मान्य आहे. पण सॉफ्टवेअरच्या धंद्याचे कूळ तिथपासून सुरू केले की एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते. साबणाला दर आधीपासूनच होता, सॉफ्टवेअरला तो नव्हता. कोडला स्वतंत्र किंमत लावण्याचा निर्णय झाला तेव्हा सॉफ्टवेअर हे उत्पादन झाले, असे माझे म्हणणे आहे. म्हणूनच किंमत, परवाना, देखभालीचा खर्च या गोष्टी आधी तंत्र आणि मग वेळ उरला तर, अशा क्रमाने शिकवल्या जातात ते मला चुकीचे वाटते.

१९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत बहुतेक प्रोग्रॅम यंत्राबरोबर फुकट येत, नाहीतर एखाद्या ग्राहकासाठी कंत्राटावर लिहून घेतले जात. अप्लाइड डेटा रिसर्च या छोट्या कंपनीच्या मार्टिन गोएट्झ यांनी ही चौकट मोडली. आरसीए या संगणक कंपनीसाठी त्यांनी आपोआप फ्लोचार्ट काढणारा प्रोग्रॅम तयार करायचे ठरवले, पण आरसीएने तो घेतला नाही. तेव्हा गोएट्झ यांनी ‘ऑटोफ्लो’ या नावाने तो आरसीएच्याच ग्राहकांना २,४०० डॉलरला देऊ केला. प्रतिसाद नगण्य होता. मग त्यांनी तो आयबीएमच्या यंत्रांसाठी नव्याने लिहिला आणि तिथे तो चालला. कल्पना तीच होती, फक्त बाजार बदलला. कोणत्या यंत्राचे ग्राहक किती, त्यांची अडचण कोणती, नक्कल होऊ नये म्हणून परवान्याच्या अटी कशा असाव्यात, हे सारे प्रश्न कोडइतकेच निर्णायक ठरले. १९६७ मध्ये इन्फॉर्मेटिक्स कंपनीने ‘मार्क फोर’ हे सॉफ्टवेअर ३०,००० डॉलरला बाजारात आणले, तेव्हा आणखी एक धडा मिळाला. सुधारणा आधी फुकट दिल्या जात होत्या. ते परवडेना, तेव्हा त्यांची वेगळी आकारणी सुरू झाली. आज ज्याला वार्षिक देखभाल म्हणतात, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे.

यावर सहज येणारा आक्षेप असा की आज कित्येक यशस्वी सॉफ्टवेअर फुकटच मिळतात. मग किंमत हा पाया कसा? याचे उत्तर आयबीएमच्याच इतिहासात आहे. तिचे प्रोग्रॅम फुकट दिसत, पण त्यांचा खर्च यंत्रांच्या भाड्यात मिसळलेला असे. अशा फुकट मालासमोर ऑटोफ्लोसारखे विकत घ्यायचे उत्पादन टिकवणे किती कठीण, हे गोएट्झ अनुभवत होते. त्यांच्या कंपनीने १९६९ मध्ये आयबीएमवर दावाही लावला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला आणि २३ जून १९६९ रोजी आयबीएमने काही प्रोग्रॅम आणि सेवांचे दर वेगळे केले. यंत्रांचे दर मात्र ३ टक्केच उतरले, याबद्दल ग्राहक नाराज झाले. फुकट या शब्दामागे कोणीतरी कुठेतरी पैसे भरत असतो; ते कोण आणि कुठे, हे ठरवणे हाच दराचा निर्णय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८०च्या दशकात मायक्रोसॉफ्टमध्ये, एक्सेलच्या कामातून, प्रोग्रॅम मॅनेजर हे पद आकाराला आले, आणि त्याचा उगम प्रोग्रॅमर व विपणन यांच्यातल्या समन्वयात होता, दरपत्रकात नव्हे. ही शाखा खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण समन्वयाची गरज पडली, कारण एक्सेल हे दुकानात विकायचे उत्पादन होते. साबणाच्या ब्रँडचे आणि विकाऊ सॉफ्टवेअरचे, अशी दोन्ही घराणी एकत्र आलेली दिसतात ती इंट्युइटमध्ये. १९८३ मध्ये टॉम प्रूल्क्स यांच्याबरोबर ही कंपनी काढणारे स्कॉट कुक प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्येच तयार झालेले. घरखर्च सांभाळणारे ‘क्विकन’ विकत घेणाऱ्यांच्या घरी जाऊन, ते प्रोग्रॅम कसे सुरू करतात हे पाहण्याची प्रथा त्यांच्या कंपनीने पाडली; मॅकेलरॉय यांच्या टिपणातली ग्राहकाकडे जाण्याची शिस्त सॉफ्टवेअरात आली ती अशी. अशाच चौकशीत कळले की घरासाठी केलेले क्विकन बरेच लोक छोट्या धंद्याच्या हिशेबाला वापरत होते, कारण लेखापालांसाठीचे प्रोग्रॅम त्यांना कळत नव्हते. त्यातून १९९२ मध्ये ‘क्विकबुक्स’ आले, जमा-नावेचे शास्त्र न शिकलेल्या धंदेवाल्यांसाठी.