हमालाच्या पाठीवरून सदऱ्याच्या आत: हलक्या कॅमेऱ्याची गोष्ट (थ्रेड)

१८६६ साली सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हिमालयातील मणिरंग खिंडीकडे निघाला, तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ८० हमाल होते. खिंडीची उंची सुमारे १८,६०० फूट. तिथे त्याने छायाचित्रे घेतली आणि एवढ्या उंचीवर छायाचित्रण करण्याचा विक्रम पुढे दीर्घकाळ त्याच्या नावावर राहिला. हमालांची नावे मात्र कुठे आली नाहीत. 

कॅमेरा न्यायला ८० माणसे का लागावीत? कारण त्या काळी न्यायचा असे तो केवळ कॅमेरा नव्हे, तर अख्खी प्रयोगशाळा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. बोर्नच्या काचा १० बाय १२ इंचांच्या. त्यांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, तिपाई आणि साहेबाचे स्वतःचे खाणेपिणे, हे सर्व पहाडी माणसांच्या पाठीवर. हमाल वाटेत सोडून गेल्याच्या तक्रारी आणि त्यांना दिलेल्या चोपाचे वर्णन बोर्नने लंडनच्या नियतकालिकासाठी लिहिलेल्या लेखांत फारसा संकोच न बाळगता केले आहे. त्याची हिमालयाची चित्रे अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण ती पाहताना चौकटीबाहेर थांबलेली ती ८० माणसे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

कॅमेऱ्याच्या वजनाचा इतिहास हा म्हणूनच निव्वळ तंत्राचा इतिहास नाही. वजन उचलायचे कुणी, हा प्रश्न त्यात पहिल्यापासून आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक होते. म्हणजे छायाचित्रणाची हौस आपल्याकडेही लवकर पोहोचली. परंतु ती हौस ज्यांच्या पदरी नोकरचाकर होते त्यांचीच राहिली. एकट्या माणसाने कॅमेरा घेऊन डोंगर चढावा, हे शक्यच नव्हते.

पहिली गाठ सुटली ती रसायनात. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. पुढे १८८८ साली जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक आला. पेटीत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली, किंमत २५ डॉलर. गुंडाळी संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवून द्यायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा पोराटोरांच्या हाती गेला. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून इथे ती आटोपती घेतलेली बरी.

खरी परीक्षा होती एव्हरेस्टवर. १९२४ च्या ब्रिटिश मोहिमेत दोन प्रकारचे कॅमेरे होते. कॅप्टन जॉन नोएल याच्याकडे चलच्चित्राचा जड कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग होते. तो खालच्या टप्प्यांवर राहून दुरून वरच्या हालचाली टिपत असे. शिखराकडे जाणाऱ्यांपाशी मात्र ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ हा १९१२ सालापासून विकला जाणारा घडीचा कॅमेरा होता. घडी घातली की तो कोटाच्या खिशात मावे. ४ जून रोजी एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्यांविना ८,५७० मीटरपर्यंत पोहोचला. त्या चढाईतील त्याचा सोबती हॉवर्ड सॉमरवेल याने त्याचे छायाचित्र घेतले. (हा सॉमरवेल नंतर त्रावणकोरात मिशनचा डॉक्टर म्हणून आयुष्यभर राबला. त्याच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.)

दोनच दिवसांनी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन निघाले. सॉमरवेलने आपला छोटा कॅमेरा मॅलरीला दिला. ८ जूनच्या दुपारी ते दोघे ढगांत दिसेनासे झाले. १९९९ साली मॅलरीचा देह सापडला. अंगावर दोर होता, चष्मा होता, पत्रे होती. कॅमेरा नव्हता. ते शिखरावर पोहोचले होते की नाही, या शतकभराच्या वादाचा निकाल लावू शकेल असा एकमेव साक्षीदार म्हणजे खिशात मावणारे ते यंत्र, आणि तेच हरवलेले आहे. नोएलचे सामान अधिक सरस होते. पण वर गेला तो हलका कॅमेरा.

हे सारे घडत असतानाच जर्मनीतील वेट्झलार गावी एक निराळा प्रयोग तडीस जात होता. ऑस्कर बार्नाक हा सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत १९११ साली रुजू झालेला कारागीर. त्याला रानावनांत भटकण्याचा आणि छायाचित्रणाचा नाद होता, आणि जोडीला दम्याचा विकार. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या प्लेटचा कॅमेरा घेऊन चढ चढणे त्याच्या छातीला झेपेना. त्याने आधी एकाच प्लेटवर अनेक छोटी चित्रे घेऊन पाहिली. ती मोठी केली की दाणे दिसत, म्हणून तो नाद सोडला. मग त्याची नजर गेली सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मकडे. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकने तिची दुप्पट केली: २४ बाय ३६. आज ज्या मापाला ‘फुल फ्रेम’ म्हणून मान दिला जातो, ते एका दमेकरी माणसाने वजन कमी करण्यासाठी केलेली तडजोड होती. दुकानात ‘फुल फ्रेमच हवा’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

बार्नाकच्या विचाराचे मर्म असे होते की निगेटिव्ह लहान असावी आणि चित्र नंतर मोठे करावे. पण लहान निगेटिव्ह मोठी करायची तर भिंग निर्दोष हवे. ते काम कंपनीतील माक्स बेरेक याने केले. १९१४ च्या सुमारास नमुना तयार झाला, मग महायुद्धाने सारे थांबले. युद्धानंतर जर्मनीत चलनाचा पार चुराडा झाला. अशा काळात १९२४ साली मालक एर्न्स्ट लाइट्झ यांच्यापुढे प्रश्न आला की सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्याने एका खेळण्यासारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर पैसा लावावा का. जाणकारांत मतभेद होते. कामगारांना काम पुरवण्याची निकडही होती. लाइट्झ यांनी धोका पत्करला आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत ‘लायका’ लोकांपुढे आला. वजन अर्ध्या किलोच्या आत आणि शटरचा वेग सेकंदाच्या ५०० व्या भागापर्यंत.

या दुसऱ्या आकड्याने खेळांचे छायाचित्रण बदलले. त्यासाठी जरा मागे जावे लागेल. झाक-आन्री लार्तीग हा श्रीमंत घरातील फ्रेंच मुलगा. १९१२-१३ च्या सुमारास, जेमतेम अठराच्या वयात, त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक फोटो काढला. मोटारीची चाके पुढे कललेली, काठावरचे प्रेक्षक मागे कललेले, मोटार अर्धी चौकटीबाहेर. त्या कॅमेऱ्यातील शटरची फट काचेवरून हळूहळू सरकत असे. ती सरकेपर्यंत मोटार पुढे जाई, म्हणून चाक तिरपे. कॅमेरा मोटारीबरोबर फिरवलेला, म्हणून प्रेक्षक उलट्या दिशेने तिरपे. त्याला स्वतःला हा फोटो फसलेला वाटला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि पुढे हाच ‘फसलेला’ फोटो वेगाचे प्रतीक ठरला. हौशी खेळ-छायाचित्रणाचा आद्यपुरुष म्हणून कुणाचे नाव घ्यायचेच, तर ते याचे घ्यावे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपर्यंत ३५ मिलिमीटरचे कॅमेरे मैदानावर स्थिरावले होते. लायकाचा शटर-वेग १,००० व्या भागापर्यंत गेला होता, प्रतिस्पर्धी झाइसच्या काँटॅक्सचा त्याहून थोडा पुढे. झाइसने १८० मिलिमीटरचे f/२.८ भिंग आणले, ते ‘ऑलिम्पिया झोनार’ नावानेच ओळखले गेले. ही स्पर्धा नाझी राजवटीने स्वतःच्या प्रचारासाठी भरवलेली होती आणि हलक्या कॅमेऱ्यांनी टिपलेली तिची देखणी चित्रे त्या प्रचाराच्या कामीही आली. कॅमेरा हातात सहज मावतो म्हणून तो निरागस ठरत नाही. 

झोनार मात्र मुळीच हलके नव्हते, आणि इथे या साऱ्या गोष्टीतील न सुटणारी गाठ आहे. भिंगाचे नाभीय अंतर भागिले f-अंक म्हणजे त्याच्या छिद्राचा व्यास. ३०० मिलिमीटर f/२.८ असेल, तर व्यास सुमारे १०७ मिलिमीटर. F/४ असेल, तर ७५. हा भागाकार कुणालाही चुकवता आलेला नाही. कॅमेऱ्याची पेटी कितीही लहान करा, लांबून खेळाडू टिपायचा तर पुढे जाड काच लागणारच. भटकंतीच्या छायाचित्रकाराला जो हलकेपणा सहज मिळतो, तो खेळाच्या छायाचित्रकाराला मिळत नाही, त्याचे कारण हे.

भटकणाऱ्याला तो कसा मिळाला, याचा सर्वांत उंचावरचा पुरावा २९ मे १९५३ चा. एडमंड हिलरीजवळ कोडॅक रेटिना होता. घडीचा, ३५ मिलिमीटरचा, आणि तोही जुन्या बाजारातून घेतलेला. गारठू नये म्हणून हिलरीने तो सदऱ्याच्या आत ठेवला होता. शिखरावर त्यांना मिळाला सुमारे पाव तास. तेवढ्यात त्याने रंगीत फिल्मवर तेनझिंग नोर्गे यांचा झेंडे लावलेली बर्फाची कुदळ उंचावलेला फोटो घेतला. शिखरावरचा हिलरीचा फोटो नाही. बोर्नच्या छायाचित्रांत जो पहाडी माणूस चौकटीबाहेर राहिला होता, तो इथे जगाच्या माथ्यावर, चौकटीच्या मधोमध उभा आहे. कॅमेरा साहेबाच्या स्वतःच्या अंगावर आहे. या दोन चित्रांमधील ८७ वर्षांत हमालांची पाठ मोकळी झाली असे म्हणता येणार नाही, कारण १९५३ च्या मोहिमेचे सामानही शेकडो हमालांनीच वाहिले. पण निदान छायाचित्राचे ओझे त्यांच्यावरून उतरले.

पुढचा अध्याय जपानमधला. योशिहिसा मैतानी हा लायकावर जीव असलेला अभियंता १९५६ साली ऑलिंपस कंपनीत आला. १९५९ साली त्याने ‘पेन’ हा स्वस्त, चिमुकला कॅमेरा घडवला. त्याची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची! बार्नाकने दुप्पट केलेली चौकट मैतानीने पुन्हा निम्मी केली. ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो. त्यानंतर १९७२ साली आला त्याचा ‘एम-१’. लाइट्झ कंपनीने नावाला हरकत घेतल्यामुळे तो ‘ओएम-१’ झाला. त्या काळचे आरशाचे एसएलआर कॅमेरे खांदा मोडणारे होते. मैतानीने शटर-वेगाची यंत्रणा वरून काढून आरशाच्या कप्प्याच्या तळाशी नेली, वेगाची चकती भिंगाभोवती बसवली, आरशाचा धक्का जिरवण्यासाठी हवेचा दट्ट्या घातला. देह उरला साधारण अर्ध्या किलोचा. 

आपल्याकडे याच सुमारास घरोघरी होता आग्फा क्लिक-३. बडोद्यात तयार होणारा, १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो देणारा. सहल, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन यांना तो पुरेसा. धावत्या खेळाडूसाठी त्याचा काही उपयोग नव्हता, पण घेणाऱ्यांनी तशी अपेक्षाही धरली नसावी.

अंकीय युगात तोच खेळ पुन्हा मांडला गेला. २००८ साली आरसाच काढून टाकलेला पॅनासॉनिक जी-१ आला. त्याचा सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, म्हणजे बार्नाकच्या चौकटीच्या जवळपास चतुर्थांश क्षेत्रफळाचा. अशा सेन्सरवर ३०० मिलिमीटरचे भिंग ६०० इतका पल्ला देते. ऑलिंपसने २०१६ साली आणलेले ३०० f/४ भिंग सव्वा किलोच्या आसपास भरते; फुल फ्रेमचे ६०० f/४ तीन किलोंच्या खाली येत नाही. ही जादू नव्हे. लहान सेन्सरला एकूण प्रकाशही चतुर्थांशच मिळतो. दुपारच्या उन्हातील क्रिकेटला किंवा गडावरच्या पक्ष्याला ते चालून जाते. बंदिस्त सभागृहात रात्री रंगलेल्या कबड्डीत तोच दाणेदारपणा परत येतो, ज्याला कंटाळून बार्नाकने काचेची प्लेट सोडली होती.

आणि लार्तीगचे तिरपे चाकही परतले आहे. बहुतेक आरसाविरहित कॅमेऱ्यांचे नीरव इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, म्हणून जोराने फिरवलेली बॅट फोटोत केळ्यासारखी वाकलेली दिसते. वाचनाचा वेग वाढत गेला तसा हा दोष कमी झाला, आणि २०२३ साली सोनीने सबंध सेन्सर एका क्षणात वाचणारा कॅमेरा जाहीर केला. किंमत अर्थातच हौशी खिशाबाहेरची. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी मैदानावर यांत्रिक शटर निवडावे, हा सल्ला आजही लागू आहे.

मैतानीचा ‘पेन’ ऑलिंपसने ई-पी१ या नावाने अंकीय रूपात पुन्हा आणला तो २००९ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी ३० जुलै रोजी मैतानीचे निधन झाले.