अंपायरचा हरवलेला 'न'

इंग्रजीच्या पेपरात 'अ'च्या जागी 'ॲन' दिसलं की मी अर्धा गुण कापत असे. निवृत्तीनंतर शब्दकोश चाळताना कळलं, असा घोळ खुद्द इंग्रजांनीही घातलाय!

अंपायर हा मुळात जुन्या फ्रेंचमधला 'नॉनपेर', म्हणजे जोडीतला नसलेला, दोन पक्षांपलीकडचा तिसरा. इंग्रजीत तो 'नूंपेर' झाला. १४व्या-१५व्या शतकात लोकांनी 'अ नूंपेर' हे 'ॲन ऊंपेर' असं तोडलं आणि 'न' कायमचा उपपदाला चिकटला. 'नॅप्रन'चा एप्रन असाच झाला. उलट 'ॲन एकनेम'मधला 'न' पुढे सरकून 'निकनेम' झालं.

मराठीत तर अशी उपपदंच नाहीत. मग आमच्या मुलांनी तो कान आणायचा कुठून? ते कापलेले अर्धे गुण आता परत द्यावेसे वाटतात...