अंगणातल्या कोब्यावर काय घालायचं? टाइल, कोटा, पेव्हर की नुसता रंग?

दुकानात टाइल निवडताना ती कोरडी असते. घरासमोर बसवल्यावर मात्र पावसाळ्याचे चार महिने ती बहुतेक वेळ ओलीच असते. पोर्च, ओटा किंवा अंगणाची फरशी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पूर्वी अंगण शेणाने सारवलेलं असायचं आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा तयार करावं लागायचं. सिमेंटचा कोबा आला आणि ती मेहनत संपली. पण कोबा काही वर्षांत काळा पडतो, त्याला भेगा जातात, शेवाळ धरतं. मग घरात चर्चा सुरू होते, 'यावर काहीतरी घालून टाकू.'

हे 'काहीतरी' फक्त रंग आणि डिझाइन पाहून ठरवलं तर पैसे वाया जातातच, पण पहिल्याच पावसात घरातलं कुणीतरी घसरूनही पडू शकतं. वयस्कर माणसाचं खुब्याचं हाड मोडायला घसरून पडल्याचं एवढं निमित्तही पुरतं. म्हणूनच बाहेरच्या फरशीसाठी आधी पाण्याचा विचार करायचा आणि दिसण्याचा नंतर.

आधी कोबा तपासा

वरचं फिनिश कितीही महाग असलं तरी ते टिकतं खालच्या काँक्रीटच्या जिवावर. त्यामुळे दुकानात जाण्याआधी घरी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट ढाळ. कोब्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं आणि कुठे साचतं ते बघा. पाणी घराच्या भिंतीपासून दूर वाहायला हवं. साधारण १०० ला १ एवढा उतार, म्हणजे १० फुटांमागे सव्वा इंच, पुरेसा असतो. ढाळ चुकला असेल तर तो आत्ताच दुरुस्त करायचा. टाइल बसल्यावर तो सुधारता येत नाही.

दुसरी गोष्ट भेगा. केसासारखी बारीक भेग भरून घेता येते. पण भेगेची एक बाजू वर आणि दुसरी खाली असेल, किंवा भेग रुंद होत असेल, तर खालची माती खचत असण्याची शक्यता असते. अशा भेगेवर थेट टाइल बसवली की काही दिवसांत तीच भेग टाइलमधून वर येते.

तिसरी गोष्ट ओल. जाड प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर पक्का चिकटवा आणि २४ तास तसाच ठेवा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा कोबा गडद झाला, तर जमिनीतून ओल वर येतेय असं समजायचं. अशा ठिकाणी रंग आणि इपॉक्सी टिकत नाहीत. आतली वाफ वर येऊन त्यांना फोड आणते.

चौथी गोष्ट उंची. मसाल्यासकट टाइल किंवा दगडी फरशी बसवली की पातळी दीड-दोन इंच वाढते. गेट घासेल का? पायऱ्यांची उंची कमी-जास्त होईल का? घराच्या आतली फरशी तरीही बाहेरच्यापेक्षा उंच राहील का? ही मापं कामाआधीच घ्यायला हवीत.

कोबा नवीन असेल तर घाई नको. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंट, म्हणजे पीपीसी वगैरे असेल तर किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. रंग किंवा कोटिंग देण्याआधी साधारण २८ दिवस थांबणं चांगलं.

'मॅट' म्हणजे 'अँटी-स्किड' नव्हे

चकाकी नसलेली टाइल घसरणारच नाही, असा अनेकांचा समज असतो. पण मॅट हा दिसण्याचा प्रकार आहे, पकडीचा नाही. पकड मोजण्यासाठी अनेक कंपन्या 'आर' क्रमांक देतात. तो आर ९ पासून आर १३ पर्यंत असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. थेट पाऊस येणाऱ्या जागेसाठी आर ११ किंवा त्याहून वरची टाइल मागावी.

खोक्यावर क्रमांक नसेल तर नमुन्याची टाइल मागून घ्या, तिच्यावर साबणाचं पाणी टाका आणि रोजच्या वापरातली चप्पल घासून बघा. फार खरखरीत टाइलही अडचणीची ठरते, कारण तिच्या खाचांमध्ये माती बसते आणि त्या मातीवर शेवाळ धरतं. पकड हवी, पण खराट्याने साफ होईल एवढीच.

कोणता पर्याय कुणासाठी?

झाडू फिनिशचा कोबा: कोबा नव्याने करायचा असेल तर हा सर्वांत स्वस्त पर्याय. काँक्रीट ओलसर असतानाच त्यावरून कडक झाडू फिरवून बारीक रेघा पाडतात. या रेघांमुळे पकड चांगली मिळते. मोठ्या जागेत चौकोनी पट्टे पाडून सांधे ठेवले, तर काँक्रीट आकसताना भेगा शक्यतो सांध्यातच पडतात.

फ्लोअर पेंट: कमी खर्चात जागा लगेच बदललेली दिसते. पण हा पातळ थर असतो. गाडीच्या गरम टायरखाली आणि ओलीमुळे तो सुटतो. गाडी उभी राहत नसेल आणि दर काही वर्षांनी पुन्हा रंगवायची तयारी असेल, तरच तो घ्यावा.

इपॉक्सी: बंदिस्त गोदामात किंवा कारखान्यात इपॉक्सी उत्तम. उघड्यावर मात्र सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ती पिवळी पडते आणि तिची चमक जाते. बाहेर वापरायचीच असेल तर वरून ऊन सोसणारा पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागतो. त्यात वाळूचे कण मिसळले नाहीत तर ती ओली असताना घसरडी होते.

व्हिट्रिफाइड टाइल: या टाइलमध्ये पाणी ०.५ टक्क्यांपेक्षा कमी मुरतं, त्यामुळे बाहेरच्या जागेला ती चालते. साध्या सिरॅमिक वॉल टाइल्स उरल्या म्हणून पोर्चमध्ये बसवू नयेत. त्या जास्त पाणी शोषतात आणि वजन सहन करत नाहीत. उन्हात टाइल प्रसरण पावते, म्हणून दोन टाइल्समध्ये किमान ३ मिलिमीटरची फट ठेवून ग्राउट भरावं. खाली पोकळी राहिली तर गाडीच्या वजनाने टाइल फुटते. जुन्या गुळगुळीत कोब्यावर बसवताना आधी टाचे मारून तो खरखरीत करावा लागतो.

कोटा आणि शहाबादी: कोटा राजस्थानातून येतो आणि शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते मजबूत असतात आणि दुरुस्तीलाही सोपे. अंगणासाठी मात्र पॉलिश न केलेली फरशीच घ्यावी. आरशासारखा घोटलेला कोटा घरात शोभतो, पावसात पाय घसरवतो.

ग्रॅनाइट: टिकायला सर्वांत दणकट, पण पॉलिश केलेला ग्रॅनाइट पायऱ्यांवर आणि पोर्चमध्ये धोक्याचा. फ्लेम्ड किंवा लेदर फिनिश मागावं. काळ्या ग्रॅनाइटवर एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी उभं राहणं कठीण होतं, हेही लक्षात ठेवावं.

पेव्हर ब्लॉक: गाडी, मोठं अंगण आणि भविष्यात पाइपलाइनसाठी खोदकामाची शक्यता असेल तर सोयीचा पर्याय. ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. मात्र ते बसतात वाळूच्या थरावर आणि कडेला पक्की बांधणी नसेल तर हळूहळू सरकतात. ६० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खालची वाळू धरली तर पातळी साडेतीन इंचांच्या आसपास वाढते. खाली कोबा असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, नाहीतर ते वाळूतच साचून राहतं.

गावानुसार निवड बदलते

कोकणात जोराचा पाऊस आणि शेवाळ हा मुख्य प्रश्न. तिथे पकड आणि ढाळ सर्वांत महत्त्वाचे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा कडक, म्हणून फिकट रंगाची फरशी बरी. काळ्या मातीच्या भागात जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कोब्याला भेगा जाण्याचं प्रमाण जास्त असतं. अशा ठिकाणी मोठ्या आकाराच्या टाइल्सपेक्षा पेव्हर ब्लॉक किंवा लहान फरशी सोयीची पडते.

धुताना ही चूक नको

कोटा, शहाबादी किंवा सिमेंटच्या कोब्यावर ॲसिड टाकू नये. ॲसिड चुनखडीला आणि सिमेंटला खातं. डाग जातो, पण फरशी कायमची खडबडीत आणि पांढुरकी होते. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचं पातळ द्रावण टाकून ब्रशने घासावं आणि भरपूर पाण्याने धुवावं.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. दोन्ही मिसळल्यावर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

थोडक्यात काय?

- घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं आहेत: आर ११ टाइल किंवा पॉलिश नसलेला दगड.
- गाडी उभी राहते: पेव्हर ब्लॉक किंवा झाडू फिनिशचा कोबा.
- कोब्याला ओल येते: रंग आणि इपॉक्सी टाळा.
- बजेट कमी आहे: कोबा दुरुस्त करा, ढाळ सुधारा, वरचं फिनिश पुढच्या वर्षी करा.

आणि काम पूर्ण झाल्यावर मिस्त्रीचा शेवटचा हिशेब करण्याआधी फरशीवर पुन्हा एक बादली पाणी ओता. पाणी साचलं नाही आणि ओल्या फरशीवर पाय घसरला नाही, तरच काम झालं असं समजा.