अंगणातले कारखाने

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे भाऊ तीन दिवस एका चाकापुढे मांडी घालून बसलो होतो. नानांच्या मागे त्यांची जुनी मोटार आठ वर्षे घराशेजारच्या छपराखाली उभी होती. तिच्या मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम गंजून असा घट्ट बसला होता की काही केल्या सुटेना. गावातल्या मिस्त्रीने लांबूनच पाहून "भंगारात घाला" असा निकाल दिला होता. दादाला तो मानवला नाही. त्याने रोज रात्री सांध्यात रॉकेल आणि तेल सोडावे, सकाळी लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी हलके ठोके घालावेत, आणि ड्रमने तसूभरही हलू नये!

कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याचा धीर दुसऱ्याच दिवशी सुटला. "बाबा, ड्रम राहू द्या हो. आधी इंजिनाला मोठा कार्ब्युरेटर बसवू. गाडी नुसती पळेल बघा!"

"पळेल रे," दादा मान वर न करता म्हणाला, "पण आधी तिला थांबता तर येऊ दे."

या दोन वाक्यांनी माझे मन एकदम शंभर वर्षे मागे आणि सातासमुद्रांपलीकडे गेले. कारण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अंगणांत हाच वाद एके काळी घरोघर रंगत असे, आणि त्या वादातून मोटारीच्या इतिहासाचा एक मोठा गमतीदार अध्याय लिहिला गेला आहे.

हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइट शहरात बाजारात आली. चार सिलिंडर, वीस अश्वशक्ती, आणि सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांचा वेग. किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास. पुढे १९१३ साली फोर्डने सरकत्या साखळीवर गाड्या जुळवण्याची रीत सुरू केली, तेव्हा साडेबारा तासांचे सांगाडा जुळवण्याचे काम दीड तासावर आले. किंमत उतरत उतरत १९२५ साली सर्वांत साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली. ज्याने जन्मात बैल-घोड्यांशिवाय दुसरे काही हाकले नव्हते, त्याच्या दारात यंत्र येऊन उभे राहिले.

पण दारात आलेल्या या सुनेचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक होता. पायाखाली तीन पायट्या: डावी वेगासाठी, मधली मागे जाण्यासाठी, उजवी थांबण्यासाठी. पेट्रोलची टाकी बैठकीखाली. तेल इंजिनाकडे जायचे ते केवळ उतारावरून पाणी जावे तसे. म्हणजे टाकीत तेल कमी आणि समोर खडा चढ असला की इंजिन उपाशी! मग मालकाने काय करावे? गाडी फिरवावी आणि पाठमोरी डोंगर चढवावी. मागे जाण्याच्या गिअरला जोरही अधिक असे, त्यामुळे हा उलटा प्रवास सुखरूप पार पडे.

सुरू करताना पुढचा दांडा हाताने फिरवावा लागे. ठिणगीची वेळ लांबवणारी दांडी नीट सरकवायला विसरले की इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. विजेवर सुरू होण्याची सोय १९१९ पासून मिळू लागली. थंडीच्या दिवसांत तेल इतके दाट होई की दांडा फिरवताच गाडी मालकाच्याच अंगावर चालून येई. म्हणून जाणती माणसे मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत. तेच चाक उचलून त्यावर पट्टा चढवला की लाकूड कापायची करवत किंवा पाण्याचा पंपही चाले.

दुरुस्ती मात्र मालकाच्या आवाक्यातली होती. गिअरच्या ढोलांभोवती तीन पट्टे असत आणि पायटी दाबली की ते आवळले जात. त्यांचे सुती अस्तर झिजले की गाडी चढावर नांगी टाकी. मग शनिवारी दुपारी पायाखालच्या फळ्या काढायच्या, वरचे झाकण उचलायचे आणि नवे अस्तर बसवायचे. काम करताना एखादा नट आत पडला तर सगळा दिवस त्याच्या शोधात जाई, म्हणून भोवती चिंध्या कोंबून ठेवायच्या. जी बायको या मॉडेल टीला शिव्या घाली, तीच कंदील धरून शेजारी उभी राही, असे चित्र मला दिसते. सुटे भाग टपालाने घरपोच येत. सिअर्स-रोबकसारख्या दुकानांच्या जाड्या सूचीत बी-बियाणे आणि कापडचोपड यांच्या शेजारीच मोटारीचे सामान छापलेले असे.

आता गंमत अशी, की गाडीचा जन्मदाता स्वतः तिच्यात मोठा बदल करायला तयार नव्हता. १९१२ साली फोर्ड युरोपच्या प्रवासाहून परतला तेव्हा त्याच्या माणसांनी कौतुकाने एक सुधारलेली गाडी करून ठेवली होती. ती पाहून त्याने तिची दारे आपल्या हातांनी उपटली आणि काचा फोडल्या, अशी गोष्ट सांगतात. मालकाचा हट्ट कारखान्यात चालला. अंगणात कसा चालावा? जे डेट्रॉइटने दिले नाही ते लोकांनी स्वतः बसवून घेतले.

गाडीला पुढे जाण्याचे दोनच गिअर होते. मागच्या आसात आणखी एक जोडी घालणारा 'रकस्टेल' नावाचा आस निघाला, आणि दोनाचे चार झाले. पण येथेच दादाचे वाक्य आठवते. मॉडेल टीचा मुख्य ब्रेक चाकांवर नव्हता, तो गिअरच्या ढोलावर होता. नव्या आसाचा गिअर बदलताना मध्येच अडकला, तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटे. उतारावर पायटी कितीही दाबा, ब्रेक लागतच नसे! हाती उरे तो हाताच्या दांड्याचा दुबळा ब्रेक. म्हणून शहाणी माणसे नव्या आसाबरोबर मागच्या चाकांवर बाहेरून आवळणारे 'रॉकी माउंटन' ब्रेकही बसवीत. वेगाची हौस ब्रेकच्या खर्चाशिवाय पुरी होत नाही, हा धडा कित्येकांनी घाटात शिकला असेल.

इंजिनाचीही तीच कथा. मूळ इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या बगलेला असत, त्यामुळे त्याला मोकळा श्वास घेता येत नसे. डोक्यावरचे झाकण मात्र पंधरा बोल्ट सोडवले की निघे. ते काढून, झडपा वरच असलेले नवे झाकण बसवले की इंजिनाचा दम वाढे. रसीन गावच्या जो नावाच्या गृहस्थाने असे झाकण काढले आणि गावाचे व स्वतःचे नाव जोडून त्याला 'राजो' म्हटले. दुसरे प्रसिद्ध झाकण 'फ्रॉन्टेनॅक'. ते करणारा माणूस कोण, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. तो होता लुई शेव्हरोले!

ज्याच्या नावाने १९११ साली शेव्हरोले कंपनी निघाली, तोच हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला शर्यतपटू. भागीदाराशी न पटून तो दोन वर्षांत बाहेर पडला; नाव मात्र कंपनीकडेच राहिले. मग स्वतःच्याच नावाच्या कंपनीचा प्रतिस्पर्धी जो फोर्ड, त्याच्या गाड्यांना वेग देण्याचा उद्योग त्याने भावाबरोबर आरंभला. १९२३ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत फ्रॉन्टेनॅक झाकणाची एक फोर्ड पाचवी आली. शेतावरून दूध नेणाऱ्या गाडीचे इंजिन मोठमोठ्या शर्यतींच्या यंत्रांच्या पंक्तीला बसले!

इतक्या अंगणांतून इतकी वर्षे एकच निरोप येत होता: गिअर वाढवा, ब्रेक सुधारा, इंजिनाला श्वास द्या. फोर्डने तो फार उशिरा ऐकला. १९२७ च्या मे महिन्यात, दीड कोटी गाड्या झाल्यावर, मॉडेल टी थांबली. नवी गाडी येईपर्यंत डिसेंबर उजाडला, आणि त्या वर्षीच्या विक्रीत पहिला नंबर दुसऱ्या कंपनीने नेला. तिचे नाव शेव्हरोले. नाव ज्याचे, त्याच्या पदरात त्यातले काही पडले नाही, हेही इतिहासाने लिहून ठेवले आहे.

मला वाटते, फोर्डचे मोठेपण आणि त्याची चूक ही दोन्ही त्या पंधरा बोल्टांत आहेत. सामान्य माणसाला उघडता येईल असे यंत्र त्याने केले, हे मोठेपण. उघडून त्या माणसाने काय शोधले ते पाहिले नाही, ही चूक. आजच्या गाड्या मॉडेल टीहून शतपट चांगल्या आहेत, यात शंका नाही. पण त्यांची झाकणे उघडून आपल्याला फारसे काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण हातही लावीत नाही.

चौथ्या दिवशी, नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून दादाने पहिलाच ठोका घातला आणि ड्रम 'टण्ण' आवाज करून सुटला. पुतण्या ओरडतच धावत आला. आत पाहिले तो ब्रेकचे अस्तर झिजलेले, आणि एका ठिकाणी मूळची कडी नव्हती. तिच्या जागी सायकलच्या चाकाची तार वाकवून केलेली कडी बसवली होती. आम्ही दोघेही काही बोललो नाही. सायकलच्या तारेवर भिस्त ठेवणारे आमच्या घरात एकटे नानाच होते.

नवी कडी शहरातून आणवून बसवली. ब्रेकच्या बाबतीत माया कामाची नाही. जुनी कडी पुतण्याने आपल्या हाताने पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवली. मोठ्या कार्ब्युरेटरचे नाव त्याने अद्याप सोडलेले नाही. पण आता तो आधी विचारतो, "बाबा, दुसऱ्या चाकाचा ड्रम कधी काढायचा?"