बहुपत्नीकत्व आणि बाप्तिस्मा : बिशप कोलेन्सो यांचा पक्ष

एकपत्नीकत्व हे ख्रिस्ती विवाहाचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते, आणि ते यथार्थही आहे. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे ते सिद्ध करावयाचे, त्याच ग्रंथात अब्राहाम, याकोब, दावीद आणि शलमोन अनेक स्त्रियांसह नांदताना दिसतात. मंडळीच्या अध्यक्षाला एकच पत्नी असावी, असे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे खरे. पण सामान्य श्रद्धाळूविषयी तेथे मौन आहे, आणि या मौनाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावला. संत ऑगस्टिन यांनी यातून जी वाट काढली ती पुढे प्रमाण ठरली. पूर्वजांच्या काळी ती रूढी होती आणि संततीसाठी होती, म्हणून ते पाप नव्हे. आता रूढी पालटली आहे, म्हणून ते निषिद्ध होय. निषेधाचा एक आधार असा काळावर ठेवल्यामुळे, जेथे रूढी पालटलेलीच नाही तेथे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

युरोपात हा प्रश्न अपवादानेच उद्भवला. हेस प्रांताचा अधिपती फिलिप याला पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह करावयाचा होता. १५३९ च्या डिसेंबरात ल्यूथर आणि मेलांख्थॉन यांनी त्याला तशी अनुज्ञा दिली. मात्र ही गोष्ट गुप्त राखावी, अशी अट घातली. १५४० च्या मार्चमध्ये विवाह झाला आणि लवकरच बोभाटाही झाला. या प्रकरणात ल्यूथर यांची जी अप्रतिष्ठा झाली ती अनाठायी म्हणता येत नाही. तथापि त्यांच्या विचारातील एक धागा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : पत्नीला टाकणे हे दुसरी पत्नी करण्याहून अधिक वाईट. तीन शतकांनंतर हाच धागा आफ्रिकेत एका इंग्रज बिशपाच्या हाती पुन्हा दिसतो. फरक इतकाच की, येथे प्रश्न राजाच्या वासनेचा नव्हता, गरीब कुटुंबांच्या संसाराचा होता.

जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–१८८३) हे मूळचे गणितज्ञ. त्यांची अंकगणिताची पाठ्यपुस्तके इंग्लंडच्या शाळांत चांगलीच रुळली होती. १८५३ मध्ये ते नाताळचे पहिले बिशप झाले आणि पुढील वर्षी दहा आठवडे त्या प्रदेशात हिंडले. तेथील मिशनांचा सर्वसाधारण नियम असा होता की, अनेक पत्नी असलेल्या पुरुषाने बाप्तिस्मा घेण्यापूर्वी एक पत्नी ठेवावी आणि बाकीच्यांना निरोप द्यावा. या 'निरोपा'चा अर्थ समजण्यासाठी झुलू कुटुंबाची घडण पाहिली पाहिजे. त्या व्यवस्थेत प्रत्येक पत्नीचे स्वतंत्र घर असे, तिच्या वाटणीची शेती असे, तिच्या घरापुरती गुरे असत आणि त्या घराचा वारसा तिच्या मुलाकडे जाई. विवाहाच्या वेळी वधूच्या माहेरी लोबोलाची गुरे पोचलेली असत, आणि त्यामुळे तिची मुले पित्याच्या कुळाची ठरत. तेव्हा अशा स्त्रीला परत पाठवावयाचे म्हणजे तिचे शेत, तिचे घर आणि बहुधा तिची मुलेही तिच्यापासून तोडावयाची. मराठीत 'टाकलेली' हा एकच शब्द जे सांगतो, ते सारे येथे घडत असे; आणि ते पतीच्या पुण्यप्राप्तीसाठी घडत असे.

१८५५ मध्ये एका पुस्तिकेत, आणि १८६२ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांना लिहिलेल्या पत्रात, कोलेन्सो यांनी याविरुद्ध आपला पक्ष मांडला. ते बहुपत्नीकत्वाचे समर्थक मुळीच नव्हते. ख्रिस्ती झाल्यावर नवी पत्नी करण्यास त्यांची मान्यता नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच की, पूर्वी त्या समाजाच्या रीतीने झालेले विवाह हे विवाहच आहेत, आणि ते मोडावयास लावणे म्हणजे ख्रिस्ताने ज्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला तो पत्नीत्याग करावयास लावणे. एक नियम पाळण्यासाठी त्याहून स्पष्ट असा दुसरा मोडावयाचा, हे त्यांच्या गणिती बुद्धीला पटेना. ही भूमिका अगदी एकाकीही नव्हती. १८३४ च्या सुमारास कलकत्त्यात विविध पंथांच्या मिशनऱ्यांनी एकत्र विचार करून, अशा धर्मांतरिताने सर्व पत्नी ठेवाव्यात, मात्र मंडळीत त्याला अधिकारपद मिळू नये, असा निर्णय केला होता.

प्रतिपक्षही दुबळा नव्हता. नाताळमधील अमेरिकन मिशनरी लुइस ग्राउट यांनी कोलेन्सो यांना उत्तर दिले. सवलत दिली तर प्रथा मंडळीत घर करील ही भीती विरोधकांना होती, आणि या प्रथेत स्त्रीची इच्छा विचारली जात नाही हा आक्षेप तर खराच होता. वयस्क पुरुषाशी लग्न नको म्हणून मिशनच्या आश्रयाला पळून आलेल्या मुली नाताळच्या इतिहासात आहेत; १८६९ मध्ये स्थापन झालेल्या इनांडा येथील कन्याशाळेनेही अशा मुलींना आसरा दिला. कोलेन्सो यांच्या युक्तिवादात या मुलींचा आवाज क्षीण आहे. परंतु प्रथा स्त्रीवर अन्याय करते म्हणून तिच्यातील स्त्रीलाच घराबाहेर काढावे, हा निष्कर्ष कोणत्या न्यायाने निघतो, हे विरोधकांना सांगता आले नाही.

पुढे पेंटाट्यूकवरील चिकित्सेमुळे कोलेन्सो यांच्यावर पाखंडाचा आरोप आला. १८६३ मध्ये केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत ठरवले आणि १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय रद्द केला. या वादळात विवाहाचा प्रश्न झाकोळला. पाखंडी ठरलेल्याची करुणाही संशयास्पद होते, हा अनुभव नवा नाही.

१८८८ च्या लँबेथ परिषदेने निर्णय दिला : बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये, त्याला शिक्षणार्थी म्हणून ठेवावे. मते पडली ८३ विरुद्ध २१. त्यांच्या पत्नींना मात्र काही प्रसंगी बाप्तिस्मा देता येईल, असे ५४ विरुद्ध ३४ मतांनी ठरले. विवाह एकच, पण त्यात पत्नी पात्र आणि पती अपात्र! नायजरचे आफ्रिकी बिशप सॅम्युएल क्राउथर हेही बहुपत्नीकत्वाचे कडवे विरोधक होते, तेव्हा हा केवळ गोऱ्यांचा आग्रह होता असे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, लागोस येथे स्वतंत्र आफ्रिकी मंडळी उभी राहिली आणि तिने बहुपत्नीक सामान्य सभासदांना आपले दार खुले ठेवले.

लँबेथची भूमिका पालटावयास शंभर वर्षे लागली. केनियाचे बिशप डेव्हिड गितारी यांनी या बदलाचा पुरस्कार केला होता. १९८८ च्या परिषदेने एकपत्नीकत्व हाच आदर्श कायम ठेवून ठरवले की, बहुपत्नीक पुरुषाला त्याच्या श्रद्धाळू पत्नी व मुलांसह बाप्तिस्मा द्यावा. त्याने विद्यमान पत्नींपैकी एकही हयात असेपर्यंत नवा विवाह न करण्याचे वचन द्यावे. स्थानिक मंडळीची संमती असावी. आणि कोणत्याही पत्नीला टाकण्याची सक्ती त्याच्यावर होऊ नये, कारण त्यातून त्या स्त्रीची सामाजिक दुर्दशा होते. कोलेन्सो यांनी १८५५ मध्ये दिलेले हेच कारण ठरावात आले. ख्रिस्ती झाल्यानंतर दुसरी पत्नी करणाऱ्याचे काय करावे, याबाबत मात्र प्रांतांनी आपापले अनुभव एकमेकांस कळवावेत, एवढेच त्यात सुचवले आहे.